मीनलची खिडकी

आमचा गुरुदत्त खुर्चीत बसलेला तुम्हाला कधी दिसायचा नाही. बसलाच तर एक पाय हलत असतो. आईनं त्याच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. मी अजून टेकले नाहीत, कारण मी मोठी बहीण आहे आणि मला ओरडायची सवय आहे. अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथंही म्हणे साहेबासमोर उभ्यानंच बोलायचा. त्याची बायको मीनल होती तोवर ती त्याच्या हाताला काहीतरी काम लावायची. शेंगा सोला, नळ बघा, पंखा पुसा. ती आजारपणात गेली आणि बदलापूरच्या त्या दोन खोल्यांत याच्या नुसत्या येरझाऱ्या सुरू झाल्या. चहा ठेवायचा आणि विसरायचा. दार उघडायचं, बाहेर बघायचं, लावायचं.

मग राजसीचं, त्याच्या मुलीचं, लग्न ठरलं. यानं जाहीर केलं की रुखवतात ठेवायला मी एसटी करणार.

"एसटी?" मी म्हटलं. "लोक बैलगाडी ठेवतात, तुळशीवृंदावन ठेवतात. तू लाल डबा ठेवणार?"

"बदलापूर-मुरबाड," तो म्हणाला. "मीनल माहेरी जायची ती. राजसीला मांडीवर घेऊन."

मी आपली भाजी निवडत बसले.

बस हातभर लांबीची. पुठ्ठा, लाकडी पट्ट्या, लाल रंग, ते सगळं भराभर झालं. घोडं अडलं काचांपाशी. आधी शर्टाच्या खोक्यांची पारदर्शक झाकणं कापली. त्यातून आतलं वाकडं दिसतं म्हणून फेकून दिली. मग उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून स्वच्छ प्लास्टिकचे तुकडे आणले, शेअर रिक्षात रुमालात गुंडाळून, अंडी आणावीत तसे. कापताना ओरखडा पडला की तो पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासायचा आणि मग टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं चोळायचा. दात घासायला घरात पेस्ट उरायची नाही. काच लखलखीत झाली की तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, कडेची चौकट तेवढी उघडी ठेवायची आणि तिथं रंग द्यायचा. रंग पुरता वाळायच्या आत पट्टी सोलायची, नाहीतर कड तुटते. या 'नाहीतर'च्या धास्तीनं हा बाबा पट्टी लावल्यापासून सोलेपर्यंत टेबलाभोवती गोल फिरत राहायचा. बघून मलाच गरगरायचं.

"अरे, खेळण्यातल्या बसची काच ती. कोण एवढं बघतंय?"

"आत मीनल बसणार आहे, ताई. राजसीला ती दिसली पाहिजे. त्या दिवशी मला तोंडानं काही बोलता येणार नाही, तेवढं हे बोलेल."

आणि खरंच बसवली त्यानं. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या खिडकीत, बोटाच्या पेराएवढी, हिरवी साडी, मांडीवर इवलं बाळ. कपाळावरची टिकली सुईच्या टोकानं लावलेली. काचा पांढऱ्या फेविकॉलनं बसवल्या, कारण तो वाळला की दिसत नाही. तो झटक्यात चिकटणारा गोंद मात्र त्यानं घरात येऊ दिला नाही. त्याची वाफ कोंडली की काच पांढरीफटक पडते आणि आतून पडली तर संपलंच, हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं की माझं पाठ झालं.

माझं पाठ झालं, संजीवनीचं नव्हतं. संजीवनी म्हणजे राजसीची मामी, राहते कॅम्प एकला, रुखवत सजवण्यात एकदम पटाईत. लग्नाच्या आदल्या दिवशी गुरू हॉलवर डेकोरेशनवाल्याशी भांडायला गेला आणि त्याला आवरायला मी गेले. परत येतो तो काय, बाईनं सगळं रुखवत सजवून लाल जिलेटीन पेपरात गच्च बांधून ठेवलेलं. बससुद्धा. टपावर मोत्यांची माळ, दारापाशी 'राजसी-सोहम' अशी पाटी.

"एकदम मस्त करून टाकलंय भावोजी, उद्या देखना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या हॉलवर कागद सोडला. बसच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. सगळ्या. मोतीबिंदू झाल्यासारख्या.

"मोती कशानं चिकटवलेस?" मी विचारलं.

संजीवनीनं पर्समधून ती छोटी ट्यूब काढून दाखवली. "पटकन होतं म्हणून, ताई."

बसचं दार त्यानं हौसेनं उघडं ठेवलेलं, तिथूनच रात्रभर वाफ आत शिरली होती. मी संजीवनीला असं फैलावर घेतलं की ती रडायला लागली, आणि ती रडते म्हणून मी आणखी चिडले. गुरूनं कुणाकडून तरी टूथपेस्ट मागून आणली, चोळचोळ चोळली. उपयोग शून्य, पांढरं आतून होतं. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाहेर बँड ऐकू यायला लागला. मग त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि तिसऱ्या खिडकीच्या कडेत घातलं. काच तडकली, दोन तुकडे होऊन बाहेर आली. बाकी सगळी बस पांढरी, आणि मधे एक भोक.

"गेलं, ताई," तो म्हणाला.

मी बसवर खण टाकत होते तेवढ्यात राजसी आली. गौरीहराला निघालेली, मुंडावळ्या बांधलेली. तिनं माझ्या हातातला खण बाजूला केला.

"पप्पा, ही एकच खिडकी उघडी?"

तो सांगायला लागला. गोंद, वाफ, ब्लेड, सगळं एकात एक. ती ऐकतच नव्हती. वाकून आत बघत होती.

"आईला गाडी लागायची," ती म्हणाली. "मुरबाड येईपर्यंत तिला काच उघडीच लागायची. पावसात अख्ख्या गाडीच्या काचा बंद, वाफेनं अशाच पांढऱ्या झालेल्या, आणि आमची तेवढी उघडी. लोक ओरडायचे, तरी ती लावायची नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोण सांगणार? तासभर एका जागी बसवत नाही म्हणून हा त्यांच्याबरोबर त्या गाडीनं कधी गेलाच नव्हता. स्टँडवर सोडायचा आणि गाडी सुटायच्या आत माघारी फिरायचा.

"मुरबाडपर्यंत?" त्यानं विचारलं.

"मुरबाडपर्यंत."

गुरूनं जवळची खुर्ची ओढली आणि त्या खिडकीसमोर बसला. पाय हलत नव्हता. राजसी गौरीहराला गेली, व्याही दारात आले, बँड थांबला, तरी हा आपला बसलेलाच. शेवटी मलाच जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. जन्मभर त्याला 'बस रे जरा' म्हणून ओरडत आले, आणि त्या दिवशी मला म्हणावं लागलं, "ऊठ, गुरू."