पालथं पातेलं

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरने दोन गाणी नीट वाजवली आणि तिसऱ्याला आवाज चिरकायला लागला. मी एका पॉवर ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. बोटाच्या टोकाला चटका बसला होता. संध्याकाळी आईच्या गटाला विहारासमोरच्या स्टेजवर गायचं होतं, आणि त्यांचा आवाज लोकांपर्यंत नेणारी वस्तू ही एवढीच होती.

आमच्या बिबवेवाडीच्या वस्तीत त्या संध्याकाळी आधी बायका भीमगीतं म्हणतात, मग ऑर्केस्ट्रा होतो. गेल्या वर्षी विहाराची जुनी माइकची पेटी मध्येच बंद पडली. बायका गात होत्या आणि लोकांना नुसते ओठ हलताना दिसत होते. पोरं हसली. यंदा ऑर्केस्ट्रावाल्यांनी आपली सिस्टीम द्यायला नकार दिला. तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी आईला म्हणाले, “वहिनी, पोरांना डीजे पाहिजे. यंदाही आवाज गेला तर पुढच्या वर्षीपासून बायकांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. चालेल ना?”

माझ्याच तोंडातून निघून गेलं, “काका, मी बनवते अ‍ॅम्प्लिफायर.”

“तू? बनव की. फटाक्यांचा खर्च वाचला.”

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी सगळ्यांना वाटतं, हिला हे येतं. मला वाटतं, येत असावं.

पॉवर ट्रान्झिस्टर आवाज मोठा करतो, पण त्याला दिलेल्या विजेतली बरीचशी उष्णतेत जाते. ती बाहेर पडावी म्हणून त्याला धातूचा मोठा तुकडा जोडतात. उष्णता बाहेर पडली नाही तर तो तापतो, तापला की जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो, आणि मग ते थांबत नाही. पुस्तकात हे चार ओळींत आहे. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं.

तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा हवा हेही मला माहीत होतं. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळत होता, पण तेवढा मोठा मला परवडणारा नव्हता. आईने तिचा नवा स्टीलचा डबा पुढे केला. “चारचौघांत ठेवायचंय. चांगल्यात बसव.” स्टीलमधून उष्णता लवकर पसरत नाही. तरी मी ट्रान्झिस्टर डब्यालाच बसवले, कारण अ‍ॅल्युमिनियमचं नाव तिच्यापुढे काढायला मला धीर होत नव्हता.

अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. आई सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. त्यातल्या एका घरी तिच्या चहाचा कप वेगळा आहे, जर्मनचा. तो खिडकीत असतो, बाकीच्या कपांत नाही. चहा पिऊन तो तिनेच विसळायचा आणि परत खिडकीत ठेवायचा. मी एकदा तिच्यासोबत गेले होते तेव्हा तो पाहिला; घरी तिने त्याचं नावही काढलं नव्हतं. फक्त आमच्या घरातलं जर्मन एकेक करून कमी होत गेलं. शेवटी राहिलं ते मोरीमागच्या चुलीवरचं आंघोळीच्या पाण्याचं पातेलं, तेही कुणाला दिसत नव्हतं म्हणून.

त्या दुपारी छताचा पत्रा इतका तापला होता की घरात उभं राहवत नव्हतं. मी डब्यावर ओलं फडकं टाकून पाहिलं, पंखा लावून पाहिला. पुन्हा तिसऱ्या गाण्याला तेच. आई दारात बसून बायकांच्या पांढऱ्या साड्यांना इस्त्री करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“आई, स्टीलनं नाही होणार.”

“मग कशानं व्हतंय?”

“जर्मन लागेल. मोठं.”

तिची इस्त्री चालूच राहिली.

“आत बसवशील का? झाकून?”

“नाही. बाहेरच ठेवावं लागतं. हवा लागायला.”

“म्हंजी समद्यांना दिसणार.”

“हो.”

तिने साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं असंही वाटत होतं. मग ती म्हणाली, “भोकं पाडल्यावर पाणी कशात तापवायचं, ते बी शिकवलंय का कालेजात?” आणि उठून पातेलं घेऊन आली.

शेजारच्या ग्रिलच्या दुकानातून ड्रिल मागून आणलं. पातेलं पालथं घालून बुडाची काजळी लागेल तेवढ्याच जागी पॉलिश पेपरने घासली, भोकं पाडली, वीज पातेल्यात उतरू नये म्हणून अभ्रकाचे पातळ तुकडे आणि उष्णता नेणारी पांढरी पेस्ट लावून चारही ट्रान्झिस्टर बुडावर बसवले. एक अभ्रक मोडला, जास्तीचा होता म्हणून निभावलं. हवा खेळावी म्हणून पातेल्याखाली दोन विटा ठेवायचं ठरवलं. पूर्ण वेळ चालवून बघायला वेळच उरला नाही.

स्टेजवर मी पातेलं विटांवर ठेवून वायरी जोडत होते, तेवढ्यात आईने त्यावर निळं कापड पसरलं. “आई, जळेल गं.” “लोकं बसूस्तोवर ऱ्हाऊ दे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि माइकपाशी गेली.

पहिलं गाणं चांगलं गेलं. लोक बसले, पण ती कापड काढायला आली नाही. दुसऱ्या गाण्याच्या कडव्यात आवाज पुन्हा चिरकायला लागला. मी कापडाखाली हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. आईने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मी कापड ओढून काढलं.

काळं पालथं पातेलं सगळ्यांसमोर आलं. स्टेजच्या पायरीवरून सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले, “अहो वहिनी, आंघोळ पण इथंच उरकताय का?”

हशा पिकला. आईची एक ओळ चुकली. बाकीच्या बायकांनी ती उचलून धरली, पुढच्या ओळीपासून आई परत गाऊ लागली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी पातेल्याच्या कडेला बोट लावून बसले. बोट ठेवता येत होतं तोवर ठीक. तिसरं गाणं पार पडलं. चौथ्याला बोट ठेवता येईना. आवाजाचं बटण मी जरासं खाली केलं. मागून पोरं ओरडली, “आवाज!” आईनेही हाताने खूण केली, वाढव. वाढवलं तर जळणार, नाही वाढवलं तर गेल्या वर्षीसारखंच. मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले आणि कडव्याकडव्याला बटण आणखी थोडं खाली करत गेले. लोकांना कळू नये एवढंच. पण कळत होतं. शेवटचं गाणं संपलं तेव्हा ते पुढच्या तीन-चार रांगांनाच ऐकू येत असेल. मागच्या पोरांनी ऑर्केस्ट्रासाठी शिट्ट्या मारायला सुरुवात केली होती.

तरी आवाज गेला नाही. मी सेक्रेटरींना तेच सांगायला गेले. “काका, बंद नाही पडलं.”

“मागं काही ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

“पण बंद नाही पडलं.”

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “बघू पुढच्या वर्षी,” म्हणाले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांच्या टेम्पोकडे गेले.

आम्ही घराकडे निघालो. पातेलं अजून गरम होतं. आईने ते पदरात गुंडाळून कडेवर घेतलं होतं. मला रडू येत होतं. मी म्हणाले, “काका नाही देणार आपल्याला स्टेज, आई.”

“‘बघू’ म्हणला ना?”

“हो.”

“‘न्हाई’ म्हणला का?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.