माझ्या मागं कोण

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणारा तो माणूस, सगळ्या गल्लीचा खिळेमामा. कामाला बसला की मूठभर बारीक खिळे तोंडात. जिभेनं एकेक ओठांवर आणायचा आणि ठाक! भांडायला कुणी आलं तरी हा नुसते डोळे मिचकावणार. समोरच्यानं बिचाऱ्यानं एकट्यानं किती भांडावं? घरातलं सगळं बोलणं मामीकडे होतं, मामाच्या वाटचंसुद्धा. ती गेली, आणि तोंडातले खिळे काढले तरी बोलायला समोर कुणी उरलं नाही.

म्हणून मामानं ठरवलं, कुत्रं पाळायचं. लॅब्राडोरच, मामीला त्याचं भारी वेड. गुरांच्या डॉक्टरनं बजावलं, "मामा, बाजारात टोपलीतून पिलू उचलायची आंधळी कोशिंबीर खेळू नका. वस्तीबाहेर एक बाई घरीच लॅब्राडोरची पैदास करतात, त्यांच्याकडे जा."

बाईंनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या, हात साबणानं धुवायला लावले. मग पिलांची आई दाखवली, या जातीला खुब्यांचं दुखणं फार म्हणून तिच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवले, डोळे तपासल्याचं सांगितलं. ते झालं आणि मामाचीच तपासणी सुरू! दिवसभर घरी कोण असतं? जिना आहे का? गुडघे कसे आहेत?

"बाई, पोरगी देताना सासऱ्यानंसुद्धा एवढं विचारलं नव्हतं हो!"

"त्यांना जावई पसंत पडला असेल," बाई हसल्या. "माझं अजून ठरायचंय."

तेवढ्यात एक गब्दुल पिलू धडपडत मामाच्या मांडीवर चढलं. त्याचा अंगठा चावून पाहिला आणि तिथंच झोपलं. मामानं श्वाससुद्धा बेतानं घेतला.

"काका, आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "हे बारा-तेरा वर्षं जगायचं. तुम्ही सत्तरी ओलांडलेली. उद्या तुम्हाला काही झालं तर याचं कोण करणार? जो करणार त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझ्याकडचं पिलू बाहेर जात नाही."

"लेक आहे की माझी!" मामानं छाती पुढे काढली. बाईंना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर लावला, आणि उत्साहाच्या भरात शेजारी कुणी ऐकतंय हे लेकीला सांगायचंच राहिलं.

"अगं, मी कुत्रं घेतोय. माझ्या मागं तू सांभाळशील ना?"

लेक खळखळून हसली. "बाबा, काहीतरीच तुमचं! अहो, तुम्हालाच कुठं ठेवायचं त्यावरून आमच्याकडे रोज वाजतंय, त्यात आणखी कुत्रं? बरं, जेवलात का?"

"जेवलो गं," मामा म्हणाला. जेवला नव्हता.

फोन ठेवला. बाई उगाच पिलांच्या पेटीतलं फडकं नीट करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुसरं कुणी असेल तर... भाचा, पुतण्या, शेजारी. कुणीही चालेल, काका."

मामानं तोंड उघडलं. आयुष्यभर ज्यांच्या बैठका शिवल्या त्यांची घरं एकेक करून डोळ्यांपुढून गेली; एकाही दाराशी पाय थांबला नाही.

त्यानं दोन्ही हातांनी पिलू उचललं. झोपमोड होऊ न देता आईच्या कुशीत ठेवलं. आईनं ते हुंगलं, मान वर करून एकवार मामाकडे पाहिलं, आणि पाठ, पोट, कान असं चाटत सुटली. मामाच्या हाताचा वास पुरता जाईपर्यंत ती थांबली नाही.