रफूवाल्याची गुळगुळीत पोटरी

तर पोटरीवरचा केस न् केस काढून, साबणाने घासूनपुसून रफूवाला ऑपरेशनला हजर झाला, इथवर काल आपण आलो होतो. नर्सने टेबलावर झोपायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या पॅन्ट गुडघ्यापर्यंत सारून खुशाल पालथा झोपला. डोळ्याच्या डॉक्टरीणबाई आत आल्या, तर समोर ही चकचकीत पोटरी.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. रफूवाल्याच्या दुकानातलं बेसिन तुंबलं होतं, आणि तेही त्याच्याच दोऱ्यांनी. बायको कधीची कानीकपाळी ओरडत होती. शेवटी याने चोक काढायची पावडर टाकली, वर गरम पाणी ओतलं, आणि आत काय चाललंय ते बघायला वाकला. जे चाललं होतं ते डाव्या डोळ्यात आलं. डोळा राहिला, पण बुबुळावर दुधाळ पडदा चढला. आता एका डोळ्याने माणूस जेवू शकतो, भांडू शकतो, लग्नात मिरवू शकतो. पण रफूचं काय? सुई कापडाच्या अलीकडे आहे की पलीकडे तेच कळेना. बोटांची चाळण झाली. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत समजावलं होतं. बुबुळावरचं आवरण सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं. ते नवं करणाऱ्या मूळपेशी तुमच्या या डोळ्यात जळून गेल्या. तुमच्याच अंगातल्या थोड्या घेऊ, प्रयोगशाळेत वाढवू आणि तिथे लावू. पुढचं रफूवाल्याने ऐकलंच नाही. का ऐकावं? जन्मभर तो दुसरं काय करत आला होता? भोक पडलेल्या कोटाच्या आतल्या दुमडीतून चार धागे ओढायचे आणि त्यांनीच भोक विणून काढायचं. कुणी बघत नाही तिथून घ्यायचं, हा त्याचा नियम. मग माणसाच्या अंगावर कुणी न बघणारी जागा कोणती, यावर घरात खल झाला. बायकोने दोन जागा सुचवल्या, त्यातली सांगण्यासारखी म्हणून पोटरी ठरली.

तर टेबलावरची ती पोटरी बघून बाईंनी हसू गिळून सांगितलं की डोळ्याला डोळ्यातलंच लागतं. उजव्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा. हे ऐकताच रफूवाला उठला, पॅन्ट खाली ओढली आणि थेट घरी आला. उरलेल्या एकुलत्या एका डोळ्याला कात्री लावू द्यायची म्हणजे काय.

अशा वेळी मेहुणा येतोच. त्याने एक क्लिनिक शोधून काढलं होतं. जमिनीवर गालिचा, भिंतीत मासे, आणि टाय लावलेला एक गोड बोलणारा तरुण. एकच इंजेक्शन, म्हणे. गुडघ्याला तेच, टकलाला तेच, डोळ्यालाही तेच. नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळेतल्या पेशी. रफूवाल्याच्या बायकोने विचारलं, त्या बाळांच्या आयांना विचारून घेता का? तरुणाने कॉफी मागवली. रफूवाल्याने विचारलं, कुणाला गुण नाही आला असं झालंय का? तरुण म्हणाला, असं आजवर एकदाही झालेलं नाही. तिथेच मेहुण्याचं इंजेक्शन वाया गेलं. कारण रफूवाला स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगायचा की उन्हात धरलंत तर रफू दिसेल. कसलाच डाग राहणार नाही म्हणणाऱ्याच्या हाती त्याने रुमालही दिला नसता.

डॉक्टरीणबाईंनी मात्र हा पॅन्ट खाली ओढत असतानाच सांगून टाकलं होतं की काहींचं फसतं, तुमचंही फसू शकतं. चांगल्या डोळ्याला सहसा काही होत नाही, पण ‘सहसा’ हा शब्द मी गाळणार नाही. त्या ‘सहसा’वर रफूवाल्याचा विश्वास बसला आणि त्याच ‘सहसा’ने त्याची झोपही उडाली.

शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, लोकांचे धडधाकट कोट आतून उसवताना तुमचा हात कधी थरथरला नाही. कोट काय घाबरला होता का?”

“कोटाला बायको नसते,” रफूवाला म्हणाला. पण गेला.

तुकडा घेतला, वाढवला, लावला. उजवा डोळा होता तसाच राहिला. डावा हळूहळू निवळला. सगळा नाही, पण सुई कापडाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळायला लागलं. दुकानाचं दार उघडलं.

शेवटच्या तपासणीला नवराबायको दोघं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढवलेल्या पेशींतल्या काही उरल्यात. परवानगी दिलीत तर संशोधनाला ठेवू, पुढे कुणाच्या तरी कामी येईल. नाही म्हणालात तर टाकून देऊ. तुमच्या आहेत, म्हणून विचारते.

रफूवाला हो म्हणणार, तोच बायकोने मुद्दाम घसा खाकरला. कारण दुकानातल्या फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे होते, आणि त्यांत गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून ओढलेले, कामातून उरलेले दोरे, रंगवार लावलेले. ज्या कपड्याला आत दुमडच नसते त्याला ते कामी यायचे. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटाचा दोरा कसायाच्या पॅन्टच्या बुडाला लागला होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. एवढ्या वर्षांत, तुमचा दोरा ठेवू का, असं याने एकाला विचारलं असेल तर शपथ.

बाईंनी पुन्हा विचारलं, ठेवू ना? तेव्हा रफूवाला दोन्ही डोळ्यांनी आधी बायकोकडे आणि मग बाईंकडे बघत म्हणाला, “ठेवा बाई, टाकू नका. पण असलं काही हिच्यासमोर विचारत जाऊ नका. आता मला आधी मुख्याध्यापकांकडे जावं लागणार, आणि मग कसायाकडे.”