बलियाचं माप

"हा शास्त्रज्ञांचा ग्रुप आहे. तांड्यावरच्या बांगड्यांचं प्रदर्शन इथे नको. सहायकांनी नमुने पाठवावेत, निष्कर्ष काढू नयेत."

साहेबांनी हे मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहिलं. हळदीच्या किडीवर काम करणारे सगळे शास्त्रज्ञ त्यात होते, अन् नमुने पाठवायला आम्ही काही सहायक. खाली अंगठे आले. हसणारे पिवळे चेहरे आले. मी तेव्हा पुसेगावजवळ, आमच्या तांड्यावर, याडीच्या हळदीत उभी होते. याडी म्हणजे माझी आई. मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, तरी संशोधन केंद्रात कंत्राटी सहायक. साहेब तिथले प्रमुख.

मी टाकलं तरी काय होतं? याडीनं एक कंद उकरला. वरून ठणठणीत. कूज न्हाई, वास न्हाई. मोडला तर आत कंदमाशीची अळी. आधी कंद कुजतो अन् मग माशी येती, असंच ग्रुपवर सगळे लिहून राहिले होते. मला उलटं दिसून राहिलं होतं, आधी अळी अन् मग कूज. मोजायची पट्टी नेमकी घरी राहिली होती. म्हणून कंद याडीच्या तळहातावर ठेवला अन् मनगटातली बलिया अळीशेजारी येईल असा फोटो काढला. बलिया म्हणजे आमच्या बायांची रुंद पांढरी बांगडी. तिची रुंदी मी मोजलेली होती, बराबर दोन सेंटिमीटर. फोटोखाली तेही लिहिलं. कोणी वाचलंच न्हाई.

अन् मी काय केलं? लिहिलं, "माफ करा सर." तेवढ्यावर भागलं न्हाई. याडीला म्हणलं, "पुढच्या खेपेला बलिया काढून ठेव."

ती गोरमाटीत बोलली, मी मराठीत सांगते. "काहून? अळीला भ्या वाटतं का बलियाचं?"

मी हसले न्हाई. तिच्या हाताची मला लाज वाटली. हे सांगताना आजबी अंग जळून राहिलंय, पण वाटली.

पंधरा-वीस दिवसांनी मोबाइलवर चर्चासत्र होतं. मी सेनगावच्या स्टँडवर जीपमध्ये बसलेली, जीप भरायची वाट बघत. साहेबांच्या स्लाइडवर माझा फोटो आला. याडीचा हात फोटोतून कापलेला. खाली साहेबांचं नाव. कापताना घाई झाली असंल, कोपऱ्यात बलियाची पांढरी कड तेवढी राहिली होती. अन् अळीशेजारी मापाची काळी रेघ ओढलेली, नुसती अंदाजानं. त्या रेघेनं अळी दोन सेंटिमीटरची झाली. खरी होती त्याच्या दुप्पट.

कोणीतरी विचारलं, "एवढी मोठी अळी? ही वेगळी जात आहे का?"

साहेब म्हणाले, "नाकारता येत नाही. आमचं स्वतःचं निरीक्षण आहे."

स्वतःचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माइक उघडला. जीपमधली माणसं माझ्याकडं बघून राहिली होती.

"सर, अळी एक सेंटिमीटरची आहे. कोपऱ्यात पांढरं दिसतंय ती माझ्या याडीची बलिया आहे. माप तिच्यात होतं. तुम्ही तेच कापलं."

"कोण आहे ही? बंद करा हिला."

माइक बंद झाला. मी जीपमध्येच बसून मूळ फोटो ग्रुपवर परत टाकला, तारखेसकट, मापासकट. जीप हलायच्या आत मला ग्रुपमधून काढलं. मग एका मॅडमचा मला एकटीला निरोप आला, "तुझं खरं आहे, पण असं चारचौघांत बोलू नये." मला हिणवलं ते चारचौघांतच. तेव्हा पहिला अंगठा ह्याच मॅडमचा होता.

मग मी दुसरा ग्रुप काढला. कुरुंद्यापासून सेनगावपर्यंतचे, चिखलात बसून कंद उकरणारे सहायक त्यात आले. तो मूळ फोटो बघून बाहेरच्या दोन शास्त्रज्ञही आल्या. नियम एकच. ज्यानं उकरलं त्याचं नाव, गाव अन् हात फोटोत राहील. कुरुंद्याला बिनकुजक्या कंदात अळी सापडली. दुसऱ्या एका गावात न्हाई सापडली, तेही टाकलं. माझं बराबर का चूक, मला अजून माहीत न्हाई. त्यानं जीव थाऱ्यावर न्हाई. पण तपासायला आता मी एकटी न्हाई.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझं कंत्राट ह्या महिन्यात संपतंय. ग्रुपवर परत घेतो. तिथे लेखी माफी माग, मग बघू."

मी म्हणलं, "एकदा मागितली होती सर. ती मी आता परत घेऊन राहिले."

आज सकाळी शेतात गेले. याडी कंद उकरून बसलेली. बलिया काढून बांधावर ठेवलेल्या, मीच सांगितलं होतं म्हणून. मी त्या उचलल्या अन् एकेक करून तिच्या हातात घातल्या.

"आता काहून?" तिनं विचारलं.

"माप पाहिजे," मी म्हणलं. "हात पुढं धर."

नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे. फोटो काढला अन् खाली याडीचं नाव लिहिलं, पूर्ण.