विहिरीचा रहाट

तारापूरला वीजकेंद्र बांधत होते, तेव्हा सरावलीत आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचे. एकदा वर्गच घेऊन आमच्या विहिरीवर आले. पोरांना बायांना सोयीच्या अशा नव्या रहाटाचं ड्रॉइंग काढायचं होतं. "आधी हात जोडा, मग बायांना अडचण विचारा," असं ते पढवायचे. नमस्कार चुकला तर पुन्हा करायला लावायचे, बायांचं उत्तर मात्र अर्ध्यातच तोडायचे. जाताना मापं घ्यायला आमचा रहाट कॉलेजात नेला. आम्ही नुसत्या दोरानं पाणी ओढू लागलो. तळहात सोलून निघाले. पुढे एकदा मास्तर विहिरीवर आले, तेव्हा मी विचारलं,

"मास्तर, रहाट कदी आणणार तुमी?"

"काकू, आमचं प्रात्यक्षिक संपलं. पोरांना मार्कही चांगले पडले."

एवढं सांगून त्यांनी पाण्यासाठी तांब्या पुढे केला. मी त्यांच्या हातात दोर दिला.