दाब, धर, सोड

सर्वेसाहेब कशालाही चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. ते फक्त अवस्था सांगत. माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला तेव्हा त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वायसर झिजलंय. वयामुळे." त्यांची पत्नी गेली त्या सकाळी मी जिना उतरून खाली आले, तर ते दारात उभे होते. "पावणेसहाला," ते म्हणाले. "हृदय. दवाखान्यात पोचायच्या आधी." मग त्यांनी बाजूला होऊन मला आत जायला वाट दिली.

जयपूरच्या शास्त्रीनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिले. मी एका हिंदी दैनिकात वार्ताहर होते. ते मूळचे साताऱ्याचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अपघातातल्या गाड्या तपासून नुकसानीचा अहवाल लिहिणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, म्हणून गल्लीत ते 'सर्वेसाहब'. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला नावाने हाक मारत नसत, 'बातमीदार' म्हणत.

अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो. त्या रकान्याबद्दल ते फार काटेकोर होते. "बाकी आकडे मागेपुढे होतात," ते सांगत, "कारण खोटं लिहिलं की सगळा कागद खोटा." ब्रेक निकामी झाल्याचं लिहा, असा आग्रह धरून एक वजनदार गाडीमालक एकदा घरी आला होता. काकूंनी त्याला चहा दिला. तो चहा पीत असतानाच काकांनी समोर बसून 'चालकाची चूक' असं लिहून सही केली. ही हकीकत काकू सांगत. काका ऐकून फक्त म्हणत, "साखर जास्त झाली होती, तेवढं राहिलं सांगायचं."

निवृत्तीच्या वर्षी सिविल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये त्यांना ती गाडी दिसली होती. साठच्या दशकातली, उघड्या टपाची, दोनच आसनांची विलायती स्पोर्ट्स कार. चाकं जमिनीत रुतलेली आणि आसनांवर मोरांची घाण. त्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पोर्चमध्ये आणली. काकूंनी तिला प्रदक्षिणा घातली.

"अहो, दोनच सीटा? लेकीनं कुठं बसायचं?"

"लेक बंगळूरला आहे."

"आली तर?"

"तर मी घरी थांबेन."

"मग चालवणार कोण?" काकू म्हणाल्या. "मला बाई लांब नको. खातीपुऱ्याच्या स्टेशनापर्यंत नेलंत तरी पुरे."

तेव्हापासून गाडीचं ठिकाण ठरलं. घरापासून स्टेशन काही मैलांवर. तेवढ्यासाठी पाच वर्षं काम चाललं.

त्यांनी गाडी जशीच्या तशी ठेवली नाही. जयपूरच्या मे महिन्यासाठी रेडिएटरला विजेचा पंखा बसवला. काकूंचे गुडघे धरत, म्हणून शेजारचं आसन चार बोटं उंच केलं. पुढच्या चाकांचे जुने ब्रेक काढून दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. जुन्या गाड्यांचे शौकीन दोघे जण एकदा बघायला आले. त्यांतला एक हळहळला, "ओरिजिनल नहीं रही, साहब." काका हात पुसत म्हणाले, "ओरिजिनल ब्रेक पर ओरिजिनल आदमी भी नहीं रहता, भैया."

सगळी कामं ते एकट्याने करत, एक सोडून. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू पुन्हा आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. हे काम रविवारी सकाळी होई. काकू मांडीवर परात घेऊन चालकाच्या जागी बसत आणि मटार सोलत. खालून आवाज येई: "दाब." "धर." "सोड."

"धरलंय हो. कधीचं धरलंय," काकू म्हणत.

"अजून धर."

"दाणे संपले माझे."

मी वर गच्चीत चहा पीत हे ऐकत असे. त्या घरात दोन माणसं एकमेकांशी सर्वांत जास्त बोलत ती बहुधा याच वेळी.

त्या हिवाळ्यात ब्रेकचा मुख्य पंप गळायला लागला. तो उघडून ठेवला होता, आणि त्याच आठवड्यात काकू गेल्या.

लेक तेरा दिवस राहिली. तिचं शिक्षण जयपुरातलं. मराठी अडखळत येई. "बाबा, मतलब, तुम्ही एकटे इथे काय करणार? गाडी बेचून टाका ना." काका म्हणाले, "काम अपुरं आहे." ती गेल्यावर ते पुन्हा पोर्चमध्ये दिसू लागले. वायरिंग झालं, टप शिवून झाला, नवा पंप बसला. मग काम थांबलं. गाडी धुऊन पुसून उभी असे आणि ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत.

"आता काय राहिलंय?" मी एकदा विचारलं.

"ब्रेकची हवा. दोन माणसांचं काम आहे."

"मिस्त्री बोलवा की."

"पाय भाड्यानं आणायचा?"

"मी बसते," मी म्हटलं. "कधीही हाक मारा."

हाक यायला तीन आठवडे लागले. रविवारी सकाळी ते स्वतः जिना चढून आले. मी चालकाच्या जागी बसले. पॅडलवर नुसता पाय हवा, म्हणून त्यांनी माझी चप्पलही काढायला लावली. मागची दोन चाकं झाली. पुढच्या डाव्या चाकाला ते आडवे पडले होते. "दाब," ते म्हणाले. मी दाबलं. "धर." तेवढ्यात कार्यालयाचा फोन वाजला. तो पर्समध्ये, मागच्या बाजूला होता. मी वळले आणि पाय सुटला.

तेलात हवा शिरल्याचा बारीक आवाज झाला. मला तो नंतर कळला. त्यांना लगेच कळला. "माफ करा, काका," मी म्हटलं. "असू दे. फोन घे. पुन्हा करू." फोनवर मला ताबडतोब बोलावलं होतं. मी गेले. पुढच्या रविवारी मी दौऱ्यावर होते, त्याच्या पुढच्या रविवारी झोपले होते. नंतर त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

महिन्याभराने पोर्चमधून जाताना दिसलं, की आसन आणि पॅडल यांच्यामध्ये एक लाकडी फळी अडकवली आहे. टोकाला पॅडलच्या मापाची खाच होती. काका चाकामागून उठले.

"ही बरी आहे," ते म्हणाले. "हिला फोन येत नाहीत."

ते हसत होते. मीही हसले.

ते खातीपुऱ्याला गेले त्या दिवशी मी घरी नव्हते. संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाऊन आलो. ब्रेक पक्का लागतो." त्याच महिन्यात त्यांनी गाडी विकायला काढली. लेकीकडे बंगळूरला जायचं ठरलं होतं.

घेणाऱ्याला कामाची वही हवी होती. वही मराठीत होती, तिची हिंदी प्रत करायला त्यांनी मला सांगितलं. "तू लिहिणारी आहेस. नुकसान तेवढं लिही. हळहळ नको."

प्रत्येक कामासमोर रकाने आखलेले होते: काम, कारण, मदतनीस. मदतनिसाच्या रकान्यात पाच वर्षं एकच शब्द अधूनमधून येत होता: 'सौ.' मग कित्येक पानं रिकामी. शेवटाकडे 'फळी'. अगदी शेवटची नोंद: 'खातीपुरा स्टेशन, जाऊन येऊन.' तिथे मदतनिसाच्या रकान्यात आडवी रेघ होती.

फळीच्या आधी एकदा 'बातमीदार' होतं. काम: पुढचं डावं चाक, हवा परत आत. कारणाच्या रकान्यात त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: 'स्क्रू आवळण्यास माझ्याकडून उशीर.'

मी हिंदी प्रतीत लिहिलं: मदतनिसाने पाय वेळेआधी उचलला.

त्यांनी प्रत चष्मा लावून ओळीनं ओळ तपासली. त्या जागी पेन्सिलने बारीक खूण केली आणि कागद माझ्याकडे परत दिले.

"मूळ कागदाशी जुळत नाही, बातमीदार," ते म्हणाले. "दुरुस्त कर."

मी दुरुस्त केलं.