व्याह्यांच्या सदऱ्यावरची निळी बोटं

माझ्या ताईचं लग्न जुळलं ते मी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या अंगावर शाई उडवली म्हणून.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नुकताच बी.एस्सी. होऊन सातपूरच्या एका शाईच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागलो होतो. (काम बाटल्या धुण्याचं होतं, पण घरी मी त्याला ‘संशोधन’ म्हणायचो.) तिथे मला रंग बदलणाऱ्या शाईचं वेड लागलं. कपड्यावर पडली की गडद निळी, हवा लागली की थोड्या वेळात गायब! वर धुण्याचा सोडा किंवा चुना लागला की पुन्हा हजर! मुलांच्या गणवेशावरचे डाग इतिहासजमा होतील, भिंतीला रंग देताना कुठे हात फिरायचा राहिला ते लगेच कळेल, असं मी रोज जेवताना घरच्यांना ऐकवायचो.

“आधी ताटातली भाजी गायब कर,” आई म्हणायची.

अशात ताईला कळवणचं स्थळ आलं. मुलाचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं, आणि मुख्य म्हणजे ताईला तो मनापासून आवडला होता. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. त्यासाठी मुलाचे आईवडील आमच्या इंदिरानगरच्या घरी आले ते नेमके रंगपंचमीला! आता आम्हा नाशिककरांचा खरा रंग रंगपंचमीचाच. आईने सकाळीच बजावलं, “आज घरात कुणी रंगाचं नाव काढलंत तर याद राखा!”

मी रंगाचं नाव काढलंच नाही. शाईची पिचकारी काढली.

अण्णा, म्हणजे मुलाचे वडील, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा आणि टोपी घालून सोफ्यावर बसले होते. मी “रंगपंचमी है!” म्हणत छातीपासून पोटापर्यंत पिचकारी मारली. बाबांच्या हातातला पेढा ताटलीत पडला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या ताईच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“पोराला येड लागलं काय?” अण्णा ओरडले.

“थांबा अण्णा, फक्त बघत राहा!” मी म्हणालो.

सगळे बघत राहिले. दुसरं करणार काय? हळूहळू निळा रंग फिकट झाला, आकाशी झाला आणि चक्क उडाला! अण्णांनी सदरा ताणून पाहिला, मग खो खो हसत सुटले. “लय भारी! आगं, बघितलं का?” त्यांनी काकूंना, म्हणजे मुलाच्या आईला, विचारलं. बाबांनी पेढा उचलला. माझी छाती इतकी फुगली की शर्टाची बटणं ताणली.

चहा झाला. अण्णा “जरा वारं खाऊन येतो,” म्हणत मागच्या अंगणात गेले आणि प्रसन्न मुद्रेने परत आले. बाबांनी सुपारी पुढे केली. तेवढ्यात काकू पुढे वाकल्या.

“आवं, हे काय?”

अण्णांच्या सदऱ्यावर, खिशाच्या खाली, चार निळी बोटं ठसठशीत उमटली होती. शेजारी एक अंगठाही.

“ह्याची शाई गेलीच नाय वाटतं!” अण्णा घाईघाईने म्हणाले. “बनवाबनवी हाय सगळी!”

माझ्या संशोधनाचा असा अपमान? मी उसळलोच. “शाईला नावं ठेवू नका! शाई शंभर टक्के गेली होती. तिथे चुना लागल्याशिवाय ती परत दिसणारच नाही!”

“चुना?” काकूंनी सावकाश विचारलं. “चुना कुठून आला?”

“तंबाखू मळून हात पुसला असेल,” मी शास्त्रीय खुलासा केला.

त्र्यंबकेश्वरी देवासमोर उभं राहून अण्णांनी तंबाखू सोडली होती. काकूंना साक्षीला ठेवून! हे मला नंतर कळलं. बाकी सगळ्यांना ते काकूंच्या चेहऱ्यावरच दिसलं.

“देवाला फसवलं, मला बी फसवलं!” काकू कडाडल्या.

अण्णा टोपी सावरत उठले. “चला! जिथं पाव्हण्याची अब्रू काढत्यात, तिथं सोयरीक नाय!”

ताई हुंदका देऊन आत पळाली. त्या क्षणी मला माझीच शाई पिऊन टाकावीशी वाटली. ताईचं सुख मी पिचकारीने घालवलं होतं.

“खाली बसा!” काकू म्हणाल्या. अण्णा बसले. बाबाही बसले. (ते आधीपासून बसलेलेच होते, तरी पुन्हा बसले.) “फोडा सुपारी. पोरगी गुणाची हाय. आन् असा भाऊ असलेलं घर मी सोडते व्हय?” मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, “पोरा, ह्याची बाटली मिळंल का रे?”

लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान माझा, मेहुणा म्हणून. तो मी पिळलाच. पण माझा कान अण्णांनी पिळला, आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे माझं लग्न ठरलं. काकूंनी माझ्या बायकोला आहेराच्या साडीखाली एक छोटी बाटली दिली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. एव्हाना कारखान्यातल्या मित्रांच्या नादाने मीही चिमूटभर तंबाखू मळायला लागलो होतो. शाईचा आणखी एक घरगुती उपयोग मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळला, आणि तेव्हापासून मी फक्त निळेच शर्ट घालतो.